तेरला मोटारीनंच

सकाळपासून मोटारीचं हँडल फिरवून जैनोद्दीनच्या तळहातांना फोड आले होते. इंजिन घरघरायचं, खोकल्यासारखं करायचं आणि पुन्हा गप्प.

"फिरव," ओट्यावरून माणिकप्पा पाटील म्हणाले.

"फिरतंय की मालक. पेटंना झालंय."

दाराआड पाटलांची बायको चन्नम्मा नवं इरकली लुगडं नेसून उभी होती. तेरला तिच्या भावाच्या मुलीच्या डोक्यावर संध्याकाळी अक्षता पडायच्या होत्या. तेर तीन कोसांवर. पायी निघाली असती तरी वेळेत पोचली असती. पण लढाईच्या आधी पाटलांनी ही मोटार घेतली आणि भरल्या चावडीत सांगून टाकलं, की आमच्या घरची बाई आता बैलगाडीत बसणार नाही. मग लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं, मोटार कडब्याच्या खोलीत गेली. पाटलांचा शब्द तेवढा बाहेर राहिला. चन्नम्माची आई आजारी पडली तेव्हा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला आणि जेवून रिकामाच परतला. मरताना आईचं तोंड चन्नम्माला दिसलं नाही.

जैनोद्दीन या मोटारीचा डायवर. मोटार बंद होती, तरी पाटील चारचौघांत त्याला डायवरच म्हणत आणि औत हाकायला लावत. त्यानं प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. शेजारच्या वीरप्पानं हौसेनं हँडल मारलं. निळी ठिणगी उडाली.

"इस्तू तर हाय," जैनोद्दीन म्हणाला. "जुन्या पेट्रोलला नुसता रोगणाचा वास मारत हुता, ते कालच ओतून दिलं. आजचं ताजं हाय, बार्शीचं. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्याला गोडंतेल सांगून आणलंय."

"मग नाकेवाल्याचंच खरं आसंल," वीरप्पा म्हणाला. "हुंगून बघ बाबा. भजी तळायला यील."

"नजर लागलीया," पाटील म्हणाले. "गावाला बघवंना आमची मोटार."

"चार वर्सं कडब्यात हुती पाटील. नजर लागली आसंल तर उंदरांचीच," वीरप्पा म्हणाला.

उंदरांचं नाव निघालं आणि चन्नम्माच्या बोटांना ओल्या शेणमातीची आठवण झाली. सुगी उरकली की धान्याची कणगी भरायची आणि तिचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं, ही घरची रीत. मोटार खोलीत लावली त्या दिवशी ती कणग्याच लिंपत होती. हाताशी माती उरली होती. मोटारीला मागं एक नळी दिसली, उघड्या तोंडाची. उंदीर शिरतील म्हणून तिनं ती बोटांनी आतवर ठासून लिंपली आणि वरून गुळगुळीत हात फिरवला. आज त्यावर धूळ बसून माती आणि लोखंड एकाच रंगाचं झालं होतं. धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. आतला धूर हलल्याशिवाय नव्या पेट्रोलला जागा कुठून मिळणार?

"आवो," ती दारातूनच म्हणाली, "ती मागची नळी—"

"इंजिन पुढं आसतंय," पाटील म्हणाले. "मागचं काय सांगती? बायकांनी इंजिनात तोंड घालू न्हाय. आत जा."

ती आत गेली.

मग पाटलांनी बैल जुंपायला लावले. ओढ बसली की इंजिन पेटतं, असं त्यांनी परंड्याला पाहिलं होतं. मोटार गचके खात वेशीपर्यंत आली. एका टायरात ट्यूबच्या जागी कडबा ठासला होता, तो करकरत होता. मागून सगळा गाव. जैनोद्दीननं गिअर टाकला. मोटार शिंकली, बैल बुजले आणि पाटलांचा पटका धुळीत पडला.

पाटलांनी पटका झटकला. "ऱ्हाऊ द्या. उद्या बार्शीचा मिस्त्री आणू. लग्नाला काय, आहेर पाठवून दिला म्हंजी झालं."

गर्दी बाजूला झाली. चन्नम्मा डोक्यावरचा पदर सावरत आली, मोटारीचं मागचं दार उघडून आत बसली आणि आहेराचं गाठोडं मांडीवर घेतलं.

"हे काय मांडलंयस?"

"माहेरी चाललेय."

"बैलं जुपल्यात म्होरं. दिसंना व्हय तुला?"

"मोटारीत बसलेय की मी. तुमचा शब्द हाय. का मोटार न्हाय ही?"

पाटलांनी गावाकडं पाहिलं. गाव पाटलांकडं पाहत होता. नाही म्हणावं तर इतकी वर्षं बाळगलं ते काय होतं, हे सांगावं लागलं असतं.

"मोटारच की," वीरप्पानं बैलांचा कासरा हातात घेतला. "भोंगा हाय, दिवं हायत. चला वैनी, सोडून येतो."

शेवटी पाटील म्हणाले, "जैनोद्दीन, भोंगा वाजवत जा."

ते स्वतः घोडीवर बसले आणि मोटारीशी संबंध आहे हे कळणार नाही इतक्या अंतरावरून मागं येऊ लागले.

वाटेत जैनोद्दीननं मान वळवून हळूच विचारलं, "अक्का, मगाशी त्या नळीचं काय म्हणत हुता?"

"काय न्हाय. म्होरं बघ."

तेरणा नदीचं पात्र दिसू लागलं. नळीतली ढेप काढायला तिच्या अंबाड्यातला आकडा पुरला असता. पण आकडा तिथंच बरा होता. बैल जुंपून मोटार पुन्हा गावासमोरून आणायला पाटील काही तयार होणार नव्हते. बार्शीचा मिस्त्री येऊन उलगडा करीपर्यंत तिला माहेरी राहता येणार होतं, कारण परत यायचं तर तेही मोटारीनंच.