उणे तीसचं जॅकेट

केबल कंपनीतल्या त्या तरुण विक्रेत्याला सगळे जाकीट म्हणत, आणि हाक आली की तोही खुशीत वळून बघे. धंदाच तसा होता. त्याची कंपनी विजेच्या जाड केबल्स बनवायची. आत तांब्याच्या तारा, त्यांच्यावर पोलादी पट्टीचं चिलखत आणि चिलखतावर प्लास्टिकचं जॅकेट. गिऱ्हाईक हटकून विचारायचं, की एकदा लोखंड चढवल्यावर वर आणखी कपडे कशाला? मग याची कळी खुलायची. चिलखत मार झेलतं, तो सांगायचा, पण पाणी, मीठ आणि ॲसिड यांच्यापुढे ते हात टेकतं. त्याला अंगरखा हवाच, आणि तो जागा बघून निवडावा लागतो. साध्या कामाला पीव्हीसी. ओल्या जमिनीत पुरायची असेल तर पॉलिथिन, पण ते लवकर पेट घेतं म्हणून इमारतीच्या आत नको. जिथं माणसांची गर्दी, तिथं जळलं तरी फारसा धूर न करणारं. आणि जिथं घर्षण, तेल किंवा हाडं गोठवणारी थंडी, तिथं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, जे महाग असतं आणि हवं तेव्हा कधीच मिळत नाही. बोलता बोलता तो बॅगेतून तुकडे काढून टेबलावर मांडत जायचा. गिऱ्हाइकाला साधा चहाही शांतपणे पिऊ द्यायचा नाही.

अशा माणसाची दाढ दुखायला लागली, हे त्याचं नशीबच म्हणायचं. दातांच्या डॉक्टरणीनं त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि ती कामाला लागली. ती काम करता करता बोलायची. जन्मात पहिल्यांदा त्याला अर्धा तास दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागलं, आणि जे ऐकलं ते त्याला फार आवडलं. दाढ बरी झाली तरी तो दवाखान्यात जातच राहिला. कधी हिरडी, कधी अक्कलदाढ, कधी नुसताच संशय. शेवटी तिनंच एकदा आरसा बाजूला ठेवला आणि सांगितलं, की तुझ्या तोंडात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा बाबांना कधी भेटतोस ते बोल.

बाबांचं कोल्ड स्टोरेज होतं. मटार, मासळी, लोणी, जे जे नासतं ते ते त्यांच्याकडे येऊन थंड व्हायचं, आणि लोक म्हणत की माणसंही होतात. नाकावर माशी बसू न देणारा गृहस्थ. लेकीसाठी आलेल्या दोन मुलांना त्यांनी आल्या पावली परत पाठवलं होतं. एक प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता आणि दुसऱ्याला सगळंच माहीत होतं. जाकीटला त्यांनी ना पगार विचारला, ना घर विचारलं. काय काम करता, एवढंच विचारलं, आणि ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, की आइस्क्रीमसाठी नवी खोली बांधतोय, आत उणे तीस अंश राहणार. तिची केबल तुम्ही निवडून द्या. बाकीचं मग बघू.

त्या 'मग बघू'वर सगळं लग्न येऊन अडकलं. डॉक्टरणीनंही आडपडदा ठेवला नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, ती म्हणाली, बाबांना दुखवून मी लग्न करणार नाही. जाकीटला हे पटलं, आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

आता उणे तीसला पीयू हवं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण पीयूची केबल तयार नव्हती, आणि ती होईपर्यंत खोलीच्या उद्घाटनाची तारीख उलटून गेली असती. गोडाऊनमध्ये मात्र थंडीसाठी बनवलेल्या खास पीव्हीसीची मोठी रिळं पडून होती. कुणीतरी मागवून ऐन वेळी नको म्हटलेली. खास पीव्हीसी म्हणजे चालेलच की, असं त्यानं स्वतःला समजावलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगीच नाही. चाचणी झाल्याशिवाय कंपनीतून माल बाहेर पडत नसे, आणि चाचणीच्या खोलीवर आत्याचं राज्य होतं.

आत्या म्हणजे जाकीटच्या वडिलांची सख्खी बहीण. तिच्याच शब्दावर तो कंपनीत लागला होता, आणि त्याबद्दल आपण कंपनीची अजून माफी मागितलेली नाही, असं ती चारचौघांत म्हणायची. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण कारखान्यात कुणी उच्चारत नसे. मिशा नसतानाच एवढा दरारा होता. थंडीच्या चाचणीचा तिचा एक नियम होता. केबलचा तुकडा रात्रभर थंड पेटीत ठेवायचा, सकाळी हातमोजे घालून काढायचा आणि तडक लोखंडी रुळाभोवती वाकवायचा. पेटीपासून रुळापर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. नवी माणसं याला हसत, आणि मग त्यांचं हसू आत्या पाहत असे.

त्याच आठवड्यात गुडघ्याच्या दुखण्यानं आत्या रजेवर गेली. तिच्या जागी जो होता त्याला पेटीची चावी सापडायलाच दुपार होई, म्हणून जाकीटनं चाचणी स्वतःच करायची ठरवली. यात लपवाछपवी काही नव्हती, आत्यानंच त्याला हे काम शिकवलं होतं. सकाळी त्यानं मोजे चढवले, तुकडा काढला आणि खिशातला फोन वाजला. डॉक्टरीण. एक मोजा काढून त्यानं फोन घेतला. बाबांना घाबरलास ना, ती विचारत होती. छे, हा म्हणाला, आणि छे म्हटल्यावर ते किती छे आहे हे पटवून देणं आलंच. खिडकीपाशी ऊन छान पडलं होतं. तिथं टेकून, केबलचा तुकडा मुठीत खेळवत तो बोलत राहिला. फोन ठेवल्यावर शीळ घालत त्यानं तुकडा रुळाभोवती वाकवला. जॅकेटला साधा ओरखडाही पडला नाही. खूश होऊन त्यानं चाचणी पास केली, आणि दुपारी रिळं ट्रकवर चढली.

आत्या लंगडत परत आली तेव्हा त्यानं ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. पीव्हीसी असूनही कसं झेललं बघ, वगैरे. आत्यानं पेटीतून रुळापर्यंत किती वेळ लागला ते विचारलं. लगेचच, तो म्हणाला, मध्ये फक्त एक फोन आला होता. आत्या रागावली नाही, आणि हेच वाईट लक्षण होतं. तिनं त्याच रिळाचा उरलेला तुकडा पेटीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उभं करून त्याच्याच हातून वाकवून घेतला. अर्ध्या वळणावरच ताडकन आवाज झाला. जॅकेट टोकापासून टोकापर्यंत उभं चिरलं आणि आतलं पोलाद दिसायला लागलं. म्हणजे आधीच्या खेपेला वाकवला तो तुकडा थंड नव्हताच. जाकीटच्या मुठीत, उन्हात, गप्पा ऐकत तो मस्त ऊबदार झाला होता.

हे गोडाऊनच्या मॅनेजरला कळलं तेव्हा त्यानं आपुलकीनं सल्ला दिला. केबल एकदा छताला बसली की तिला कोण वाकवतंय? तडे गेलेच तर काही वर्षांनी जातील, आतलं चिलखत गंजायला आणखी काही वर्षं, तोवर तू दोन पोरांचा बाप झालेला असशील. एक अख्खा दिवस जाकीटनं हा सल्ला उराशी धरला. खोटं कशाला सांगा, त्याला तो फार गोड वाटला. पण संध्याकाळी डोळ्यांपुढे ती खोली यायला लागली. गार हवा फेकणाऱ्या पंख्यापाशी केबल वळते, पंखा दिवसरात्र थरथरतो. बर्फ वितळवायला पंखा गरम करतात तेव्हा पाणी तिथंच ठिबकतं. खाली पेट्या उचलणारी माणसं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथं तांबडं फुटणार ते तिच्या बाबांच्या डोक्यावर.

तो आत्याकडे गेला.

"मी काय करू?"

"मला नको विचारूस, बाळ्या," आत्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "मी पाठवलं म्हणून गेलास तर उद्या म्हणशील, आत्यानं माझं लग्न मोडलं."

दुसऱ्या दिवशी तो चिरलेला तुकडा घेऊन कोल्ड स्टोरेजला पोचला. नव्या खोलीत वायरमन शिडीवर चढून केबल बसवत होते. अर्धं छत झालं होतं, आणि काम इतकं सुबक होतं की त्याला आणखीच वाईट वाटलं. ऑफिसात बाबा जेवणाचा डबा बंद करत होते. दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत डॉक्टरीणही आलेली. तिला पाहून तो दारातच थबकला. पण परत फिरला असता तर कशासाठी आलो होतो हे सांगावंच लागलं असतं. त्यानं तुकडा टेबलावर ठेवला आणि चाचणी चुकल्याचं सांगून टाकलं. एरवी चहा थंड होईपर्यंत बोलणाऱ्या माणसानं हे चार वाक्यांत उरकलं.

बाबांनी तुकडा उचलून चिरेवरून अंगठा फिरवला.

"वाकवायला उशीर का झाला?"

"फोन आला होता."

"कुणाचा?"

"कामाचा."

"माझा होता, बाबा," डॉक्टरीण म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय एवढं महत्त्वाचं बोलत होतात?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ती विचारत होती, मी तुम्हाला घाबरतो का. मी छे म्हटलं."

"आणि आता?"

"आता छे म्हणवत नाही."

बाबा हसले नाहीत. पुढे काय करायचं, हे त्यांनी विचारलं. लावलेली सगळी केबल उतरवायची, जाकीट म्हणाला. कंपनी ती परत घेईल, पीयूची नवी देईल, पण तोवर थांबावं लागेल आणि उद्घाटन ठरल्या दिवशी होणार नाही. बाबा उठून बाहेर गेले. वायरमनना खाली उतरा म्हणाल्याचा आवाज आला, मग शिड्या सरकवल्याचा. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आइस्क्रीमवाल्यांना मी तारीख दिलीय. इतकी वर्षं धंदा करतोय, तारीख देऊन कधी फिरवली नाही. कळतंय का तुम्हाला?"

कळतंय, तो म्हणाला. खरंच कळत होतं. नुसती खोलीची तारीखच हुकली नव्हती, डॉक्टरीणही हातची गेली होती, आणि कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती. त्यानं तुकडा बॅगेत टाकला. तिच्याकडे बघवेना, म्हणून बॅगेचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत राहिला. त्यानं मनातल्या मनात तिचा नीट निरोप घेतला, आणि तो घेताना त्याला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

बाबांनी आइस्क्रीम कंपनीला फोन लावला. उद्घाटन पुढे ढकलावं लागतंय, ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला, आणि बाबांनी तो ऐकून घेतला.

"नाही, वायरमनची चूक नाही," ते म्हणाले. "केबल कंपनीचीही नाही."

पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं.

"आमच्या जावयाची," बाबा म्हणाले. "हो, जावयाचीच. काय करणार, घरचंच माणूस आहे. गाढव आहे, पण स्वतः येऊन सांगितलंन. ती खोली तुमचीच, काळजी करू नका."

फोन खाली ठेवून त्यांनी डब्याची पिशवी बाजूला सारली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"उभे काय राहिलात? बसा, आणि नवी केबल कधी येतेय ते आधी सांगा."

जाकीट बसायला गेला, पण डोळे असे भरून आले होते की खुर्ची त्याला दिसेना. शेवटी डॉक्टरणीनं त्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं.