पहिल्या ओटीचा मान

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खंडूचं नाव आलं आणि धाकूच्या मनात पाल चुकचुकली. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, अभिनंदन केलं. धाकूने मात्र चष्मा पुसून ते नाव तीनदा वाचलं. खंडू? एकेचाळीस नंबरचं घर?

गावच्या जत्रेत देवीची पहिली ओटी भरायचा मान मुंबईतल्या एकेचाळीस घरांपैकी दर वर्षी एका घराला मिळतो. यादी ठरलेली आहे. वरून सुरुवात करायची. ज्याला अजून मान मिळालेला नाही आणि ज्याच्या घरात वर्षभराचं सुतक नाही, असं पहिलं घर लागलं की थांबायचं. बावीस वर्षं धाकू हे काम आपल्या वहीत बोट फिरवून करत आला. गेल्या वर्षी त्याच्याच तेविसाव्या घराचा नंबर होता, पण भाऊ वारला आणि सुतक आलं. मान चोविसाव्याकडे गेला. यंदा धाकूशिवाय दुसरं नाव निघायचं कारणच नव्हतं.

आणि यंदाच निघायला हवं होतं. ओटी भरायची ती घरच्या सवाष्णीने, असा मंडळाचा रिवाज. चैत्रात धाकूला झटका येऊन गेला होता आणि आता जिन्याच्या दुसऱ्याच वळणावर धाप लागायची. त्याच्या बायकोने, शेवंतीने नऊवारी घेऊन ठेवली होती. यंदा नाही तर तिच्या हातून ती ओटी कधी भरली जायची, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

यंदा पोरांनी वही बाजूला ठेवून वेबसाइट केली, आणि ती केली कुणी? खंडूच्या नातीने, श्रुतिकाने. आता बोला! अंधेरीच्या कंपनीत वेबसाइटीच बनवते म्हणे. मग आजोबांचं नाव वर काढणं तिला काय जड? धाकूचा संशय दोन दिवसांत फुगून पुरीएवढा झाला. खंडू नेहमीपेक्षा गोड बोलतोय असं वाटायला लागलं. परवा त्याने फोनवर 'तब्येत कशी' म्हणून विचारलं, त्यातही धाकूला पाणी मुरताना दिसलं.

रविवारी सकाळी वही पिशवीत घालून धाकू असल्फ्याहून मुलुंडला गेला. त्या वेळी खंडू बागेत पत्ते कुटत असतो हे ठाऊक होतं, म्हणूनच ही वेळ गाठली होती. दार श्रुतिकाने उघडलं.

"आजोबा, तुम्ही? बसा ना, चहा टाकते."

"चहा नको. तो तुझा लॅपटॉप उघड. नाव कसा काढलंस ता माका दाखव."

पोरगी गोंधळली, पण घाबरली नाही. तेही धाकूला खटकलं. इतकी बिनधास्त कशी?

तिने पडद्यावर इंग्रजी ओळी आणल्या आणि बोट ठेवून समजावू लागली. "हे लूप. म्हणजे एकेका घराकडे जायचं. मान मिळालाय का? सुतक आहे का? दोन्ही नाही, तर ते नाव उचलायचं आणि रिटर्न. म्हणजे नाव घेऊन परत यायचं."

"म्हणजे तिथेच थांबायचा?"

"हो, तिथेच."

"मग माझ्याकडे थांबला का नाही?"

"थांबायला हवं होतं," ती पुटपुटली. तिने तोवर हे तपासलंच नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. धाकूला ते नाटक वाटलं.

"तो कुठल्या कुठल्या घरात जाता ता लिहून दाखव. एकूण एक."

तिने एक ओळ वाढवली आणि बटण दाबलं. घरांचे नंबर भराभर खाली उतरू लागले. बावीस, तेवीस, आणि न थांबता चोवीस, पंचवीस, थेट एकेचाळीस. श्रुतिकाने कपाळावर हात मारला.

"वाट लागली! आजोबा, सॉरी. माझीच चूक. मी ज्या पद्धतीचं लूप घेतलं ना, त्यात रिटर्न लिहिलं की ते फक्त त्या एका घराच्या उंबऱ्यावरून मागे फिरतं. वाडी फिरायचं थांबतच नाही. पुढच्या घरी जातं, तिथेही नाव मिळतं, आधीचं पुसलं जातं. म्हणून शेवटचं नाव राहिलं. आमचं."

ती खरोखर रडवेली झाली होती. "यार, लोक काय म्हणतील? स्वतःच्या आजोबांचं नाव काढलं!"

लोक काही म्हणाले नव्हते. म्हणाला होता तो एकटा धाकू. तो थोडा ओशाळला, पण त्याहून जास्त खूश झाला. "होता गो असा. नीट कर आता."

तिने साधं लूप लिहिलं, नाव सापडताच तिथल्या तिथे बाहेर पडणारं. शेवंतीला फोन लावायला धाकूने खिशातून मोबाइल काढूनही ठेवला. श्रुतिकाने बटण दाबलं.

'घर क्रमांक नऊ. सुंदराबाई.'

"परत चुकला!" धाकू ओरडला.

"नाही आजोबा, आता बरोबर थांबलं. तुमच्या वहीतूनच सगळं भरलंय मी. बघा, नऊ नंबरपुढे मान कोरा आहे, सुतकही नाही. काही लिहायचं राहिलंय का?"

वहीत काहीच राहिलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी नववं घर आलं तेव्हा सुंदराबाईचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकूचं बोट आठवरून दहावर गेलं होतं. त्यानंतर दर वर्षी गेलं. कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही.

"कारण सांगा, मी अट घालते," श्रुतिका म्हणाली. "फक्त ती सगळ्याच घरांना लागेल हां. आज लागेल, पुढेही लागेल. एकट्या नऊ नंबरला नाही लावता येत."

एकच शब्द बोलायचा होता. बोलला असता तर पुढचं नाव त्याचंच होतं. धाकूच्या ओठांपर्यंत तो शब्द आला. मग त्याला डोळ्यांपुढे शेवंती दिसली, आपण नसल्यावरची, आणि बावीसवरून चोवीसवर जाणारं कुणाचं तरी बोट दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. नातीच्या वयाच्या पोरीसमोर मान वर करवेना.

"काय घालू नको," तो म्हणाला. "असूं दे तसाच."

मोबाइल हातात होताच. त्याने बोरीवलीला, सुंदराबाईच्या लेकीकडे फोन लावला. म्हातारीच आली फोनवर.

"वयनी, मी धाकू. मंडळातसून बोलतंय."

पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "कोण गेला रे?"

"कोण नाय गेला. ह्या वर्षी देवीची पयली ओटी तू भरतलंस."

ती हळूच म्हणाली, "पण ह्या वर्षी तर शेवंतीचो नंबर मां? माका यादी पाठ आसा."