आधी होकोला

मोरिताबाईंच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच सुचित्रा थबकली. देश सोडून बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत राहायला येऊन वर्ष होत आलं होतं, पण लिफ्टमध्ये हलकेच मान झुकवणाऱ्या या शेजारच्या वृद्ध जपानी बाईंच्या घरी मार्च महिन्यात असा बाहुल्यांचा दरबार भरत असेल, याची तिला कल्पना नव्हती. लाल कापडाने मढवलेल्या पायऱ्या, सर्वांत वर राजा-राणी, खाली दासी आणि वादक. शिंपल्यांच्या भुकटीचा लेप देऊन घोटलेले ते चेहरे इतके जिवंत, की तिची पाच वर्षांची लेक श्रियासुद्धा आपोआप हळू बोलू लागली.

"पूर्वी बाहुल्या खेळण्यासाठी नव्हत्याच," मोरिताबाई सावकाश इंग्रजीत सांगत होत्या. माणसं कागदाची आकृती अंगावरून फिरवून नदीत सोडत आणि पीडा तिच्यासोबत वाहून जाई. पुढे तान्ह्या बाळाच्या उशाशी पांढऱ्या रेशमाची, कापूस भरलेली 'होको' ठेवू लागले. नवा कपडा आधी होकोला, मग बाळाला. जे वाईट यायचं ते तिच्यावर यावं.

सुचित्रा भारावून ऐकत राहिली. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या उतरवतात आणि विस्तवावर टाकून मोकळे होतात. या लोकांनी मात्र पीडा घेणारीला नाव दिलं, तिचे केस विंचरले, तिला घरात वाढवलं.

श्रियाला दमा आहे हे कळल्यावर मोरिताबाईंनी आपल्याकडची एक होको तिच्या हातात दिली.

त्या दिवसापासून श्रियाने नेम सुरू केला. फ्रॉक आधी होकोला लावायचा, दुधाचा पेला आधी तिच्या ओठांशी न्यायचा. श्रियाचा खोकला उतरत गेला, गालांवर रंग आला. तिचा नवरा अश्विन म्हणाला, "नवं औषध लागू पडलं गं." सुचित्राने वाद घातला नाही, पण झोपलेल्या लेकीच्या शेजारची ती बाहुली सरळ करताना तिचे हात नकळत जोडले जात.

मग सुचित्राला बारीक ताप येऊ लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. एका शनिवारी अश्विनने नवा फ्रॉक आणला, तेव्हा श्रियाने तो घेऊन थेट कोचावर पडलेल्या आईच्या छातीशी धरला, मग होकोच्या, आणि मगच अंगात घातला.

"आधी मला का गं?"

"होको टायर्ड ऑलरेडी लाह, आई. शी सो स्मॉल." इथल्या मुलांच्या इंग्रजीत बोलत श्रियाने आईच्या गालावरून हात फिरवला. "यू आर बिग."

सुचित्राला हसू आलं. किती मायाळू आहे पोर! भीती अशी वाटली नाहीच. उलट आतून काहीतरी निवल्यासारखं वाटलं. त्यानंतर घास, पाणी, नवी चप्पल, सारं आधी तिच्यापाशी येऊ लागलं आणि ती मुकाट्याने पुढे होऊ लागली. श्रिया आता टॉवरभोवती धावत सुटायची, दम न लागता. सुचित्राने ऑफिसातून रजा घेतली.

अखेर ती श्रियाचा हात धरून मोरिताबाईंकडे गेली. चार वाक्यं बोलतानाही धाप लागत होती. सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "तुम्ही तिला नाही म्हणालात?"

"कसं म्हणू? माझीच मुलगी आहे ना. मला होऊ दे, तिला नको, असं मी तर ती जन्मली तेव्हापासून म्हणतेय."

 बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून त्यांनी खोल मान झुकवली. उठून त्यांनी सुचित्राच्या ओढणीची चुणी नीट केली, कपाळावर आलेली बट बोटाने मागे सारली आणि शेजारी उभ्या असलेल्या श्रियाकडे वळून कौतुकाने म्हणाल्या,

"किती छान सांभाळली आहेस हिला."