खरं सांगा म्हणणारा वकील

"लग्नात होम होता का?" कागदावरून मान वर न करता वामनराव वकिलांनी विचारलं.

उकंडा खुर्चीच्या कडेवर बसला होता. खुर्ची वकिलांनीच पुढे केली होती, आणि तेव्हापासूनच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पन्नास वर्षांत बामणाच्या ओसरीवर कुणी त्याला खुर्ची दिली नव्हती. वर हा माणूस त्याला अहो-जाहो करत होता. वीस वर्षं पांढरकवड्याच्या जीनमध्ये कापसाच्या गाठी बांधून उकंडा एवढं पुरतं शिकला होता, की मालक ज्या दिवशी गोड बोलतो त्या दिवशी काम दुप्पट असतं.

"नव्हता जी," तो म्हणाला.

"सप्तपदी?"

"आमी बुद्धाचे लोक. आमच्यात थे नसते. पण हे कायले पुसून राह्यले तुमी?"

"समोरचा वकील विचारणार म्हणून."

समोरचा म्हणजे जावई धर्मपालचा वकील, भगवानराव. तीन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्न साली, उकंडाची सत्यशीला पांढरं लुगडं नेसून बुद्धाच्या फोटोपुढे उभी राहिली आणि तिने धर्मपालच्या गळ्यात हार घातला. तेव्हा धर्मपाल नोकरीच्या शोधात पायपीट करत होता. पुढे महागावकडे शाळामास्तर झाला, दुसरी बायको आणली, आणि सत्यशीलेला तिच्या पेटीसकट बैलगाडीत बसवून बापाकडे धाडून दिलं. तिने पोटगीचा अर्ज केला तेव्हा या दीक्षा घेतलेल्या मास्तरने उत्तरात लिहून दिलं, की होम नाही, सप्तपदी नाही, म्हणून लग्नच नाही. ती बाई माझ्याकडे काही महिने राहत होती, एवढंच.

ते उत्तर वाचून दाखवलं तेव्हापासून सत्यशीला धड जेवली नव्हती. पोटगी मिळो न मिळो, ते एक वाक्य तिला खोडून हवं होतं. लग्न लावणारे बाबाराव वारले होते. आता घरचा वडीलधारा साक्षीदार म्हणून उरला होता एकटा बाप.

"जे झालं तेच सांगा," वामनराव म्हणाले. "अक्षर जास्त नको, अक्षर कमी नको. बाकीचं मी बघतो. तुमच्या रीतीने लागलेलं लग्न हे लग्नच आहे, हे मला कोर्टापुढे मांडायचं आहे."

उकंडा घरी निघाला तो याच एका गोष्टीचा विचार करत. खरंच सांगायचं असेल तर माणूस वकील कशाला करील? जे खरं आहे ते त्याला आपलं आपण सांगता येतं. वकील असतो तो काय बोलायचं ते शिकवायला. जीनमधल्या कोर्टात गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वकिलाने काही ना काही पढवलं होतं, मग आपल्याच वाट्याला आलेला हा असा कसा?

तारखेच्या दिवशी कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर ओळखीचा पूनमसिंग भेटला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचा दावा नऊ वर्षं चालला होता, त्यामुळे आपल्याला न्यायाधीशांपेक्षा जास्त कायदा कळतो अशी त्याची खात्री होती. उकंडाने मन मोकळं केलं.

"अरे, कायद्याचं नावच हिंदू लग्नाचा कायदा हाये," पूनमसिंग म्हणाला. "आग नाई त लग्न नाई. तुहा वकील तुह्याच तोंडून थेच वदवून घेऊन राह्यला. तुले कसं समजत नाई?"

उकंडाने कोर्टाच्या आवाराकडे पाहिलं. लिंबाखाली वामनराव उभे होते आणि भगवानरावांच्या डब्यातली सुपारी खात होते. भगवानराव काहीतरी बोलले. दोघंही हसले.

ते दोघं गेली वीस वर्षं एकमेकांची सुपारी खात होते आणि आत गेल्यावर एकमेकांचे वाभाडे काढत होते. वकिलांची ती रीतच आहे. पण ज्याच्याशी भांडण त्याच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या उकंडाला ते कोण सांगणार? त्याचा संशय तिथे पक्का झाला. चहा अर्धा टाकून तो उठला.

आधी सत्यशीलेची जबानी झाली. साक्षीदाराला आत बसता येत नाही, म्हणून उकंडा बाहेर व्हरांड्यात होता. ती काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. मग त्याचा पुकारा झाला. देवाची शपथ घेणार नाही, खरं सांगीन एवढंच म्हणीन, असं त्याने ठणकावलं, आणि दारात गोळा झालेल्या वस्तीतल्या माणसांना त्याचा अभिमान वाटला.

"मुलीचं लग्न कसं झालं, सांगा," वामनराव म्हणाले.

"होम झाला. सात फेरे झाले."

दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. वामनरावांनी हातातला कागद खाली ठेवला.

"नीट आठवून सांगा."

म्हणजे हा मला मागे ओढतो आहे, असं उकंडाला वाटलं, आणि त्याला चेव आला. भटजी आणला होता, अंतरपाट धरला होता, तूप मी माझ्या हाताने घातलं, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. ज्या माणसाने छप्पन्न साली घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, त्याने भर कोर्टात भटजी जेवायलासुद्धा बसवला. सत्यशीलेची मान खाली गेली होती.

भगवानराव उठले. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता.

"तुमची मुलगी आत्ताच याच जागी सांगून गेली, की आग नव्हती आणि भटजीही नव्हता. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

उकंडाने वामनरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा विकल्या गेलेल्या माणसाचा नव्हता. हा माणूस आपला होता, हे उकंडाला त्या क्षणी कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला आठवत नाही म्हटलं असतं तर त्याची अब्रू वाचली असती. न्यायाधीशांनी त्याला उत्तर द्यायला बजावलं.

"पोट्टी खरी बोलली," तो म्हणाला. "मी खोटा."

वामनराव पुन्हा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मग आता सांगा. लग्न कसं झालं?"

न्यायाधीशांनी एक ओळ लिहिली: साक्षीदार जबानी बदलतो. लेखणी खाली ठेवून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. याच ओळीवर बोट ठेवून पुढच्या महिन्यात अर्ज फेटाळला गेला.

उकंडाने कठडा दोन्ही हातांनी धरला. शनिवार होता, त्याने सांगितलं. मांडव चिंध्यांचा होता, पण त्यावर पोरांनी निळे कागद लावले होते. बाबारावांनी आधी त्रिशरण म्हटलं, मग पंचशील, आणि सगळी वस्ती मागून म्हणत होती. पोरीचा हार नवऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचेना, म्हणून शेजारच्या तुळसामावशीने तिचं कोपर धरलं.

"अक्षर जास्त नाई जी," तो वामनरावांना म्हणाला, आणि पुढचं सांगू लागला.