लाल रेषेवरचा काटा

वडिलांना, अप्पांना, शेवटची घरघर लागली आहे, असा सिद्दापूरहून काकांचा फोन आला, तेव्हा तिम्मण्णाने कुमट्याला जाऊन बहिणीला व्हॅनमध्ये घेतलं आणि घाटाची वाट धरली. व्हॅन जुनी होती, पण लग्नाची वऱ्हाडं वाहून तिने त्याचं घर चालवलं होतं.

देवीमनेच्या चढावर एका खड्ड्यात चाक आपटलं आणि इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा सरळ लाल रेषेवर गेला. तिम्मण्णाने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. पाणी उकळल्याचा आवाजही नव्हता. पण काटा लाल दाखवत होता.

"अण्णा, चल ना," माधवी म्हणाली.

"इंजिन बसलं तर इथंच राहू. थंड होऊ दे."

मागून शिरसीची बस आली. माधवीने हात वर केला, तसा त्याने तिचा हात खाली ओढला. "वेडी का तू? आता निघतोच आहोत. शिरसीला उतरून पुढं सिद्दापूरला काय चालत जाणार?"

बस निघून गेली. बऱ्याच वेळाने काटा खाली आला, ते निघाले. पुढच्या वळणावर तो पुन्हा चढला, पुन्हा थांबणं आलं. घरी पोहोचले तेव्हा अंगणात लोक जमलेले होते. काकू माधवीला मिठी मारून म्हणाली, "आत्ताच गेले गं. तुझंच नाव घेत होते."

तेरावं झाल्यावर तिम्मण्णा व्हॅन घेऊन इसाकच्या गॅरेजात गेला. इसाक त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"रेडिएटर बदलायचा का सांग," तिम्मण्णा म्हणाला.

इसाकने इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. रात्रभर उभी असलेली गाडी, बॉनेट गार, आणि काटा लाल रेषेवर.

"अरे, ही तर झोपेतच तापली!" इसाक हसला. त्याने इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. काटा हलला नाही. "सेन्सर सुटा केला, तरी काटा वरच. म्हणजे वायर मधे कुठंतरी लोखंडाला टेकतेय. इंजिन ठणठणीत आहे तुझं."

इसाक डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला आणि टॉर्चच्या उजेडात वायर चाचपू लागला.

"हा स्पीकर कुणी बसवला रे? एवढा लांब स्क्रू! वायरीचं साल फाडून पत्र्यात घुसलाय. खड्डा आला की टेकतोय. कोण गाढव—"

"मीच," तिम्मण्णा म्हणाला. "जत्रेच्या आधी."

इसाक पुढची थट्टा करणार होता, पण तिम्मण्णाचा चेहरा पाहून त्याने पेचकस उचलला. स्क्रू काढला, वायरीला टेप गुंडाळली. काटा अलगद खाली येऊन थंडच्या खुणेवर टेकला. तिम्मण्णाला त्याकडे बघवेना.

घरी त्याने बायकोला काही सांगितलं नाही. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? सगळे म्हणत होते, जुनी गाडी, घाट, कुणाच्या हातात असतं? हे ऐकलं की त्याला घास जात नसे. शेवटी तो कुमट्याला गेला.

माधवी ओट्यावर माशांना मीठ लावत होती. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गाडी तापलीच नव्हती?"

"नाही."

"आणि तू मला बसमध्ये चढू दिलं नाहीस."

"हो."

तिने खूप वेळ हात धुतले. तो म्हणाला, "शिव्या दे, माधी. काहीतरी बोल."

"काय बोलू? ते तुझेही अप्पा होते," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुपारी तिने पान वाढलं. भात, आमटी, तळलेला बांगडा. एरवी ती त्याच्याच ताटातला तुकडा उचलून खायची, त्याला चिडवायची. आज ती दाराशी उभी राहिली आणि एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली, "आणखी भात वाढू का?"

तो मान खाली घालून "पुरे" म्हणाला आणि पानातलं सगळं संपवू लागला.