रेशमाला ब्रश लावत नाहीत

डाग दिसला की तिच्या हातांना चैन पडत नसे. सगळे तिला लाँड्रीवाली म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. शाईचा, तेलाचा, गंजाचा कसलाही डाग असो, कपडा लख्ख होऊनच परत जायचा. हरली होती ती फक्त पोटच्या पोरीपुढे.

चिमीचं अंग जन्मापासून कोरडं, खरबरीत. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत लाल चट्टे. एकदा बालवाडीतल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लाँड्री चालवता ना? मग पोरीला जरा नीट अंघोळ घाला की!"

लाँड्रीवाली शरमेने अर्धी झाली. दुसऱ्या दिवसापासून अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक आणि हातात ब्रश!

"आई, झोंबतंय गं!"

"झोंबणारच. मळ निघतोय."

नवरा म्हणायचा, "अगं, डॉक्टरांना तरी दाखवू."

"आणि तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर? पोरीला लागणारा रोग आहे अशी बोंब झाली, की कपडे द्यायला काळं कुत्रं येणार नाही आपल्याकडे!"

मग एका सकाळी चिमी उठली ती तापाने फणफणलेली. कपाळावर, गालांवर पाण्याने भरलेले बारीक फोड, आणि एक पापणी सुजून मिटलेली. सवयीने लाँड्रीवालीचा हात ब्रशकडे गेला. ते पाहून चिमी धुवायच्या कपड्यांच्या ढिगामागे जाऊन दडली.

"घासू नको आई! मी होते चांगली, आपोआप होते!"

आपली लेक आपल्यालाच घाबरते! तिच्या हातातून ब्रश गळून पडला. नवऱ्याने चिमीला उचललं. "चल दवाखान्यात. लोक गेले खड्ड्यात!"

डॉक्टरीणबाईंनी पोरीला पाहताच सलाईनमधून औषध सुरू केलं आणि मग विचारलं, "घरात कुणाच्या ओठावर फोड आला होता?"

नवऱ्याचा हात आपसूक ओठाकडे गेला. खपली अजून होती. "मी... रोज पापी घेतो तिची."

"तुमचं ओठावर निभावलं, तेच जंतू तिच्या चेहराभर पसरले. डोळ्याला धोका आहे. थांबला असतात तर जिवावरही बेतलं असतं."

लाँड्रीवाली म्हणाली, "मी तर रोज घासून घासून स्वच्छ ठेवते हो!"

"तुमचा हात दाखवा." बाईंनी तिचा तळवा उजेडात धरला. रेघाच रेघा, खोल आणि दाट. "पिंडऱ्यांना कोंडा सुटतो ना?"

"लहानपणापासून. मला वाटलं साबणाने."

"साबण नंतर आला. तुमची कातडी जन्मतःच कोरडी, आणि तीच हिच्याकडे आली. चूक कुणाचीच नाही. पण अशा कातडीला बारीक फटी असतात, त्यातून रोगजंतू आत शिरतात. तुम्ही ब्रशने त्या रुंद केल्यात. लोक हिला घाबरतात, पण हिचे चट्टे कुणाला लागत नाहीत. उलट धोका हिलाच आहे, आपल्याकडून! दुकानात रेशमी कपडा आला तर काय करता?"

"रेशमाला ब्रश लावत नाही कधी. हलक्या हाताने..." परक्यांच्या कपड्यांना जपणारे हात तिने आपल्या लेकीवर कसे चालवले होते! ती तिथेच ढसाढसा रडली.

मग दवाखान्यात सुरू झालं वाट पाहणं. जरा पावलं वाजली की ती दचकायची. डोळ्यांचे डॉक्टर येऊन जायचे, कुणी छातीठोक सांगत नव्हतं. अखेर सूज उतरली, पापणी किलकिली झाली. चिमीने आईच्या हातांकडे पाहिलं. पहिल्यांदा हातांकडेच.

"ब्रश कुठंय?"

"टाकला गं राणी. कायमचा."

आता चिमीची अंघोळ कोमट पाण्याची, अंग मऊ पंच्याने टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. बालवाडीत लाँड्रीवाली स्वतः सगळ्यांसमोर उभी राहिली. जीव घाबरा झाला होता, तरी बोलली, "माझी लेक घाणेरडी नाही. तिची कातडी नाजूक आहे, ती माझ्याकडून तिला मिळालीय. तुमच्यापैकी कुणाच्या ओठावर फोड असेल तर तेवढं तिला जवळ घेऊ नका. एरवी खुशाल घ्या!"

बालवाडीतल्या बाईंनी मान खाली घातली आणि चिमीचा हात हातात घेतला.

वाचकहो, दुसऱ्याच्या कातडीवरून त्याच्या स्वच्छतेला नावं ठेवण्याआधी जरा थांबा. आपल्या एका शब्दाने कुठल्या तरी घरात ब्रश उचलला जातो, आणि तो एखाद्या लेकराच्या अंगावर चालतो.