माया ठेवू नका

शब्द न् शब्द खरा आहे, खोटा निघाला तर माझी जीभ सुईच्या नेढ्यातून ओवा. टेलरबाईनं साटिनच्या झग्याच्या दोन्ही कुशींची शिवण कंबरेपाशी उसवली, झगा खिडकीच्या उजेडात धरला आणि परत मशीनकडे नेलाच नाही.

झगा लग्नाचा होता, आणि लग्न तिच्याच भाचीचं. बहीण गेल्यावर तिनंच वाढवलेली पोर. तोंडाला खळ म्हणून नाही, त्यामुळे सगळे तिला पोपटीण म्हणत. नवरदेव बिजवर, चाळिशीचा, बोलायला लोण्यासारखा. पहिल्या बायकोचा झगा त्यानंच आणून दिला होता. म्हणे, तिनं एकच दिवस अंगाला लावला, महिन्याभरात तापानं गेली बिचारी. एवढं भारी कापड वाया कशाला घालवायचं?

आता साटिन म्हणजे कसं, तर दुखावलेल्या सासूसारखं. सुती कापडाला टोचा, एका धुण्यात विसरतं. साटिनला एकदा टोचलं की ते मरेपर्यंत काढून दाखवतं. म्हणून टेलरबाई त्याला टाचणी लावायचीच नाही. काठाला छोटे छोटे चिमटे लावायची, मशीनवर सुळकन निसटू नये म्हणून खाली पातळ कागद घालायची, आणि सुई दर वेळी कोरी, केसासारखी बारीक.

उजेडात भोकांच्या ओळी चमकत होत्या. एक नव्हे, पाच. काठापासून निघून प्रत्येक ओळ अर्धं बोट आत सरकलेली, दोन्ही कुशींना. सगळ्यात आतली म्हणजे तिनं आत्ता उसवलेली. तिनं त्या ओळीची कंबर मोजपट्टीवर धरली. दहा वर्षांच्या पोरीची भरली असती.

एक दिवस घातलेल्या झग्यात बाई चार वेळा कशी बारीक होते?

तिनं भाचीला बोलावून एकेक ओळ बोटानं दाखवली. पोपटीण हसली. जुन्या कापडाला भोकं असायचीच, म्हणाली, आणि मावशीला माणसांपेक्षा चिंध्यांवर जास्त भरवसा. मावशी म्हणाली, चिंधीला खोटं बोलून काय मिळणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरदेव झगा बघायला आला. पोपटीण स्टुलावर उभी, अंगात झगा, दोन्ही कुशी उसवून चिमट्यांवर धरलेल्या. तो खुर्चीत बसून कौतुकानं बघत होता. टेलरबाईनं जपून सांगितलं की कंबर सैल केली तर जुनी भोकं बाहेरून दिसतील.

"दिसू दे थोडे दिवस," तो म्हणाला. "वर्षभरात परत आत घ्यायचीच आहे."

टेलरबाईनं भाचीकडे बघितलं नाही. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोरी अंगानं भरतात, पोटुशी राहतात, म्हणून कुणाचीही आई दुकानातून निघताना 'माया जरा जास्त ठेवा हो' असं बजावूनच जाते. तिनं त्याला नेहमीसारखं विचारलं, माया किती ठेवू?

"माया ठेवू नका, कापूनच टाका. आमच्या घरात सैल करायची वेळ येत नाही."

अगदी प्रेमानं म्हणाला. आपल्या घराची शिस्त सांगावी तसं.

पोपटीण गप्प. जन्मात पहिल्यांदा. तिनं एकेक चिमटा काढून मुठीत घेतला.

"मला हा बसत नाही," ती म्हणाली.

"बसेल. सवयीनं बसतो."

ती पडद्याआड गेली, आपल्या कपड्यांत बाहेर आली आणि मावशीच्या पाठीशी उभी राहिली. झगा तिनं टेबलावर ठेवला होता. तो चिडला नाही. त्यानं बाह्या आत घेऊन झग्याची अशी सुबक घडी घातली की टेलरबाईलाही जमली नसती. दारात थांबून म्हणाला, "बसेल कुणाला तरी." आणि रस्ता ओलांडून समोरच्या टेलरकडे गेला.

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं. दारात तो काही बोललाच नाही. नुसता समोरच्या दुकानात गेला आणि खिशातून मापांचा कागद काढून टेलरच्या हातात दिला. पोपटिणीची मापं तर मावशीच्या वहीबाहेर कधी गेलीच नव्हती; कागदावरची होती दुसऱ्याच कुठल्या तरी पोरीची.